पुढच्या सीटवरचा कूलर

धुळ्याच्या सहाव्या गल्लीत प्रेमराजची गाणी रेकॉर्ड करायची खोली आहे. खोली म्हणजे खोलीच. स्टुडिओ म्हटलं की त्याला स्वतःलाच हसू येतं. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, दाराला घोंगडी, मध्ये एक माइक आणि कोपऱ्यात कॉम्प्युटर. खानदेशात लग्नाच्या वरातीत जी अहिराणी गाणी वाजतात, त्यातली बरीचशी या गाद्यांच्या मधून बाहेर पडली आहेत. वाजवणाऱ्यांना ते ठाऊक नाही आणि प्रेमराजला त्याचं दुःख नाही. पोटापुरतं मिळतं, आवडीचं काम आहे, गल्लीत मान आहे. माणसाला आणखी काय लागतं, असं तो म्हणतो, आणि म्हणताना खोटं बोलतोय असं वाटत नाही.

त्याचा मूळ धंदा मोटरींचा. वडील पुनाभाऊ यांचं विहिरीच्या जळालेल्या मोटरींची तार पुन्हा गुंडाळायचं, रिवायंडिंगचं दुकान होतं, आणि प्रेमराज तिथेच लहानाचा मोठा झाला. त्याला मोटर उघडावी लागायची नाही. शेतकरी फोन करायचा, फोन मोटरीपाशी धरायचा आणि प्रेमराज इकडून सांगायचा, "भाऊ, बेअरिंग गेलंय," किंवा "काही नाही, मोटरीने हवा धरलीय, पाइप वर उचलून झटक." चुकला असं फारसं कुणी ऐकलं नाही. पुढे वडील गेले आणि दुकान बंद झालं, पण कान तेच राहिले. त्या कानांवर त्याने गाण्यांचा दुसरा धंदा मांडला. बायको सुनंदाबाई म्हणते, "ह्यांना गल्लीच्या टोकाची मोटरसायकल ओळखू येते, मी काय सांगते तेवढं ऐकू येत नाही." हे मात्र आपण पुढे बघूच.

तर या माणसाची दोन वर्षांपासून एक गोष्ट अडली होती. त्याची आत्या भिकुबाई, जिला घरात सगळे फुई म्हणतात, ती पहूरला दिलेली. वय ऐंशीच्या आतबाहेर. साठ वर्षं पहूरला काढूनही तिची बोली धुळ्याचीच राहिली. दरवर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी येते, म्हणजे आता प्रेमराजकडे. आल्यावर सणासाठी मांडलेल्या गौराईपुढे बसून एक गाणं म्हणते. ते तिला तिच्या आईने दिलं, आणि ते आता दुसऱ्या कुणालाच येत नाही. फुईला मुलगी नाही, सुनेला गळा नाही, सुनंदाबाईला पाठांतर नाही. हे गाणं फुईबरोबर जाऊ नये, एवढीच प्रेमराजची इच्छा होती.

अडचण अशी की फुई ते गाणं आखाजीच्या दिवसांतच म्हणणार. गौराई बोळवली की संपलं. मग तुम्ही हात जोडा नाहीतर पाय धरा. दिवाळीत एकदा त्याने माइक पुढे केला, तर फुईने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने शिमग्याला गणपती बसवायला काढलाय. आणि आखाजी म्हणजे ऐन वैशाख. बाहेर चव्वेचाळीस, पंचेचाळीस. रेकॉर्डिंग करायचं तर पंखा बंद, खिडकीतला गवताच्या जाळीचा कूलर बंद, दार लावलेलं. माणसं घाम गाळून निभावून नेतात, कॉम्प्युटर नेत नाही. दोन वर्षांपूर्वी त्याच्या आतले पंखे पिठाच्या गिरणीसारखे ओरडले आणि गाणं त्या घरघरीखाली गेलं. गेल्या वर्षी त्याने पंखे हळू केले, तर गाणं अर्ध्यावर असताना कॉम्प्युटर तापून बंद पडला. फुई म्हणाली, "आते पुढला साल." ऐंशीच्या बाईने पुढचं साल म्हटलं की ऐकणारा वर्षं मोजायला लागतो.

म्हणून या वर्षी प्रेमराजने जळगावच्या गोलाणी मार्केटमधल्या मोनालीला आवाज न करता कॉम्प्युटर गार ठेवणारा कूलर सांगून ठेवला होता. मोनाली कॉम्प्युटर जोडणारी, तिशीची, हाताला भलतीच हलकी. आखाजीला चार दिवस असताना तिचा फोन आला. "प्रेमराजभाऊ, माल आला. मशीन घेऊनच या."

प्रेमराजने कॉम्प्युटर छोट्या गाडीत घातला आणि पहाटेच निघाला. बेत सरळ होता. दहापर्यंत काम उरकायचं, कॉम्प्युटर मोनालीकडे ठेवायचा, पुढे पहूरला जाऊन फुईला घ्यायचं, येताना कॉम्प्युटर उचलायचा. आखाजीला लेकीबाळींना माहेरी आणायला घरचा माणूस जातो, त्याला मुराळी म्हणतात. पुनाभाऊंनी आयुष्यभर बहिणीला आणलं, आधी बैलगाडीने, मग मोटरसायकलवर. ते गेल्यापासून सहा वर्षं प्रेमराज जात होता.

मोनालीने खोकं उघडलं आणि बेत तिथेच बिघडला.

प्रेमराजने याआधी सीलबंद लिक्विड कूलर, म्हणजे आत पाणी फिरवून कॉम्प्युटर गार ठेवणारे, पाहिले होते. हा वेगळा होता. एका बाजूला हातभर लांब, काळा रेडिएटर, ट्रॅक्टरच्या रेडिएटरचं लेकरू वाटावं असा, त्याला तीन पंखे. दुसऱ्या बाजूला प्रोसेसरवर बसणारी गोल डबी, तिच्यातच पंप, आणि वर रुपयाएवढा पडदा, ज्यावर आतला ताप दिसतो. दोघांना जोडणाऱ्या दोन जाड नळ्या. प्रेमराजने पहिल्यांदा नळीच हातात घेतली, वाकवली, नखाने दाबली. मग जोड पाहिला. जोडाला आटे होते. रेडिएटरला एक बारीक झाकणही होतं.

"हे उघडतं?" त्याने विचारलं.

"तेच तर आहे यात," मोनाली म्हणाली. "नेहमीच्याला काही झालं की फेकायचं. यात पाणी कमी झालं तर या झाकणातून भरता येतं. उद्या ग्राफिक कार्डालाही पाणी द्यायचं झालं, तर हा जोड सोडायचा, त्याची डबी मध्ये बसवायची. आणखी एक रेडिएटर लावायचा तर तोही लागतो. जेवढं वाढवाल तेवढं वाढतं."

"कार्डाला पाणी द्यायचं" हे ऐकून प्रेमराज खूश झाला. केळीला पाणी, कांद्याला पाणी, आता कार्डाला पाणी. "पण बोरचं पाणी नको," तो म्हणाला. "क्षार धरेल."

"बोरचं नाही आणि नळाचंही नाही. ही बाटली देतेय, हेच टाकायचं."

"आणि रेडिएटर वर, मोटर खाली. नाहीतर मोटर हवा धरेल."

मोनाली स्क्रू हातात घेऊन थांबली. "भाऊ, हे मला चार ग्राहकांना कागदावर काढून दाखवावं लागलं होतं. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"विहिरीने," प्रेमराज म्हणाला, आणि त्याला स्वतःचं उत्तर फार आवडलं.

मग तो उठेचना. मोनाली बसवतेय आणि हा शेजारी स्टूल ओढून, गुडघ्यांवर हात ठेवून बसलाय. चालू केल्यावर आधी आत गुळगुळ आवाज झाला. प्रेमराज म्हणाला, "हवा आहे, वर येऊ दे." मोनालीने कॅबिनेट थोडं तिरकं केलं, गुळगुळ वर सरकली आणि थांबली. त्यानंतर काहीच ऐकू येईना. प्रेमराजचा चेहरा उतरला. त्याच्या धंद्यात मोटर गप्प झाली की मोटर जळाली. त्याने घाईघाईने नळीला बोट लावलं, तेव्हा आतून बारीक थरथर लागली. मोटर चालू होती. एवढ्या गप्प चालणारी मोटर त्याने आयुष्यात पाहिली नव्हती, आणि ती पाहायला आज पुनाभाऊ हवे होते, असं त्याला वाटून गेलं.

"दोन दिवस वापरा आणि पहिलं मत काय ते कळवा," मोनाली म्हणाली. "दुकानाच्या पानावर टाकते."

घड्याळ पाहिलं तर दीड वाजला होता. बाहेर रस्ता भाजत होता. आता पहूरला जायचं, तिथे बसायचं, परत यायचं. आणि हे मशीन एवढा वेळ नजरेआड? प्रेमराजने फोन लावला. "फुई, मी जळगावमाच शे. तू येष्टीमा बसी ये ना. मी स्टँडवर उभा ऱ्हास. तासभरनं काम."

पलीकडे जरा वेळ काही आवाज आला नाही. मग फुई म्हणाली, "बरं."

त्या गप्प बसण्याला मात्र या कानवाल्याने बोट लावून पाहिलं नाही.

चारच्या सुमाराला फुई जळगावच्या स्टँडवर उतरली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात कुरडयांचा डबा, डोक्यावर पदर. गाडीत पुढच्या सीटवर कॉम्प्युटर बसला होता, त्याला पट्टा लावला होता, वरून गादीचा तुकडा खोचला होता. फुईने त्याच्याकडे पाहिलं आणि मागे बसली. धुळ्यापर्यंत प्रेमराज कूलरबद्दल बोलत राहिला. रेडिएटर, जोड, झाकण, बाटली. फुई हं म्हणत होती. घरी पोचल्यावर सुनंदाबाईने आधी मागच्या दारातून उतरणारी फुई पाहिली, मग पुढच्या सीटवरून कडेवर घेऊन उतरवलेला कॉम्प्युटर पाहिला आणि नवऱ्याला विचारलं, "पहूरला गेला नाहीत तुम्ही?"

"जळगावहूनच आलो," प्रेमराज म्हणाला. "वेळ वाचला."

सुनंदाबाई काहीतरी पुढे बोलली. ते त्याला ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला रेकॉर्डिंग झालं. पंखा बंद, खिडकीतला कूलर बंद, भिंतीवरचं घड्याळसुद्धा काढून बाहेर ठेवलं. गौराईचा पाट खोलीत आणला. फुई माइकपुढे बसली, डोळे मिटले आणि गायला लागली. त्या गाण्यात सासरची एक पोर दारात उभी आहे, वाटेकडे बघतेय, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी बाया तिला विचारतात, "कोन उना वं लेवाले?" घ्यायला कोण आलं? ती कधी म्हणते वारा आला, कधी म्हणते धूळ आली, कधी म्हणते पाखरू आलं. प्रेमराजच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता आणि त्या छोट्या पडद्यावरचा आकडा साठाच्या आसपास शांत बसून होता. गाणं संपलं. फुईने हात जोडले आणि पंखा लावायला सांगितला. प्रेमराजला नाचावंसं वाटलं.

दुपारी सगळे झोपले तेव्हा तो हेडफोन लावून ऐकायला बसला. असा स्वच्छ आवाज त्याने स्वतःच्या खोलीत कधी पकडला नव्हता. फुईच्या बांगड्या, तिचा श्वास, ओठ उघडतानाची बारीक चटक, सगळं होतं. शेवटचं कडवं आलं. "कोन उना वं लेवाले?" मग फुईने श्वास घेतला, ओठ उघडल्याची चटक झाली, आणि पुढे काही नाही. तिने श्वास तसाच सोडला.

प्रेमराजने ते परत ऐकलं. आणखी एकदा ऐकलं. काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं, एवढं त्याला कळत होतं. तो विचारात पडला, मग त्याने दोन वर्षांपूर्वीचं ते घरघरीखाली गेलेलं रेकॉर्डिंग शोधून काढलं. नेमकी तीच जागा. पंख्यांच्या ओरडण्याखाली काहीतरी होतं, पुटपुटल्यासारखं. त्याने थोडी थोडी करत घरघर गाळली. अर्धा तास लागला. शेवटी फाटक्या, पातळ आवाजात फुई गौराईला सांगताना ऐकू आली:

"लेवाले उना मना प्रेमराज."

त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. सहा वर्षं हे नाव ती गौराईला सांगत होती, त्याच्यापासून चार हातांवर बसून, आणि दरवेळी खिडकीतल्या कूलरने नाहीतर कॉम्प्युटरने ते गिळलं होतं. या वर्षी गिळणारं काही नव्हतं, तर नावच नव्हतं. गल्लीच्या टोकाची मोटरसायकल ओळखणाऱ्या त्या माणसाला स्वतःची लाज वाटली. तो उठून बाहेर गेला.

फुई ओट्यावर कुरडयांचा डबा उघडून बसली होती. तो तिच्या पायाशी बसला. "फुई, शेवटली ओळ ऱ्हायनी ना?"

"ऱ्हायनी नही," फुई सरळ म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, हेच त्याला जास्त लागलं. "मी गायनू नही. औंदा माले लेवाले कोनी उनाच नही, पोऱ्या. मी येष्टीमा उनू. गौराईपुढे खोटं कसं गाऊ?"

"मंग माले सांगं का नही?"

"काय सांगू? तू इतला खूश व्हता. ते मशीन देखी देखी हासत व्हता." तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "तुना बाप बी आसाच. नवी मोटर उनी का जेवाले बी येत नही व्हता."

आतून सुनंदाबाईचा आवाज आला. "काल विचारलं ना मी, मुराळी कोण गेलं म्हणून? ऐकलं नाही तुम्ही."

आखाजीला दोन दिवस होते. प्रेमराज उठला. "फुई, पिशवी भर. पहाटे निंघानं."

"कथा?" कुठे, असं फुईने विचारलं.

"पहूरले. तुले घरी सोडस. आनि मंग लेवाले येस."

फुईने त्याला वेड्यात काढलं. इतकं पेट्रोल, इतकं ऊन, लोक काय म्हणतील. पण बोलता बोलता पिशवी भरत होती, आणि इस्त्रीची जांभळी साडी वर ठेवत होती.

पहाटे पाचला निघाले. फुई पुढच्या सीटवर बसली, पट्टा लावला, आणि मागची सीट पूर्ण रिकामी होती. आठ वाजता पहूरच्या दारात गाडी थांबली तेव्हा फुईची सून ज्योती भाकरीचा हात तसाच घेऊन धावत बाहेर आली. "काय झालं? भांडण झालं का? आत्याबाईंना परत का आणलं?"

"काही नाही वहिनी. चूक झाली होती, दुरुस्त करतोय."

फुई गाडीतून उतरली. आत गेली, साडी बदलली, पिशवी दाराशी ठेवून खाटेवर बसली आणि दाराकडे पाहायला लागली. प्रेमराज बाहेर गाडीपाशी उभा. त्याला काय करावं ते सुचेना, मग त्याने डोक्याला रुमाल बांधला, चपला उंबऱ्याबाहेर काढल्या आणि हाक मारली, "फुई! लेवाले उनू."

"ये पोऱ्या, ये," फुई म्हणाली, जणू वर्षाने बघतेय. "घरना बठ्ठा बरा शेतस ना?"

"बठ्ठा बरा शेतस." सगळे बरे आहेत.

"सुनंदा कशी शे?"

"बरी शे. तुनी वाट देखस."

ज्योती आधी तोंडाला पदर लावून हसत होती, मग नुसती बघत राहिली. मुराळी न जेवता जात नाही, म्हणून सकाळी साडेआठला प्रेमराजला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा आणि रसाची वाटी खावी लागली. फुईने शेजारी बसून वाढलं. त्याने दुसरी वाटीही खाल्ली.

परतताना जळगावला उसाच्या रसासाठी थांबले. तेवढ्यात मोनालीचा निरोप फोनवर आला होता. "भाऊ, कूलरबद्दल पहिलं मत?" प्रेमराजने एका हाताने लिहिलं, "मशीन गार राहतं, आवाज अजिबात नाही. फक्त घ्यायला जाल तेव्हा पुढची सीट मोकळी ठेवा." मोनालीने प्रश्नचिन्ह पाठवलं. त्याने फोन खिशात घातला आणि फुईच्या ग्लासातला बर्फ आपल्या ग्लासात काढून घेतला, कारण तिचा गळा आज सांभाळायचा होता.

दुपारी खोली पुन्हा बंद झाली. त्या दिवशी धुळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला होता. सुनंदाबाईही या वेळी आत येऊन भिंतीला टेकून बसली, घड्याळ मांडीवर उशीखाली दाबून. फुईने डोळे मिटले. वारा आला, धूळ आली, पाखरू आलं. कॉम्प्युटरमधलं पाणी आपलं वर जात होतं, गार होऊन खाली येत होतं, आणि कुणाला काही कळत नव्हतं. शेवटचं कडवं आलं.

"कोन उना वं लेवाले?"

फुईने श्वास घेतला. मान खाली घातली आणि या वेळी पुटपुटली नाही, चांगल्या उघड्या आवाजात गायली:

"लेवाले उना मना, पुनाना प्रेमराज."

वडिलांचं नाव त्यात येईल असं त्याला वाटलं नव्हतं. त्याने बटणाकडे हात नेला आणि तो हात तिथेच राहिला. हेडफोनमध्ये त्याला फुईचा श्वास ऐकू येत होता, सुनंदाबाईच्या बांगडीचा आवाज आला, आणि मग कुणीतरी नाक ओढलं. ते आपणच ओढलं, हे त्याला जरा उशिरा कळलं.

"बंद कर ना ते आते," फुई म्हणाली. "मशीन तापी जाई."

"नही तापत, फुई," प्रेमराज म्हणाला, आणि रेकॉर्डिंग चालूच ठेवलं.